टेनिसचा सामना किती वेळ चालतो? पालकांचे, प्रेक्षकांचे आणि रात्री जागणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

गंगापूर रोडकडच्या आमच्या कोर्टांवर दर दोन-तीन महिन्यांनी शनिवार-रविवारची एक छोटी स्पर्धा असते. ड्रॉ (कोण कुणाशी खेळणार ते) लावणं, कोणता सामना कोणत्या कोर्टवर कधी हे ठरवणं, ही कामं गेली काही वर्षं माझ्या गळ्यात आहेत. नाशिकरोडहून येणारी आई, सिन्नरहून मोटरसायकलवर मुलाला घेऊन येणारे वडील, शेजारच्या सोसायटीतून नुसते बघायला येणारे काका, सगळे गेटमधून आत आले की पहिला प्रश्न एकच टाकतात. त्याला जोडून आणखी दहा येतात. तीच तीच उत्तरं फोनवर देऊन घसा बसला, म्हणून एकदाच लिहून ठेवतो आहे.

आढेवेढे न घेता सांगा, एका सामन्याला किती वेळ लागतो?

मोठ्यांचा तीन सेटचा सामना, म्हणजे ज्यात दोन सेट आधी जिंकणारा विजयी (सेट म्हणजे साधारण आधी सहा गेम, गेम म्हणजे कमीत कमी चार पॉइंट), साधारण दीड ते दोन तास. ग्रँड स्लॅममधला (ऑस्ट्रेलियन, फ्रेंच, विम्बल्डन, यूएस ओपन या चार मोठ्या स्पर्धा) पुरुषांचा पाच सेटचा सामना अडीच ते साडेतीन तास. सुटा एक सेट धरला तर पस्तीस ते पन्नास मिनिटं. रिक्षा कधी बोलवायची, डबा किती वाजता आणायचा, एवढ्यापुरतं हे आकडे पुरतात.

ज्यांना टोकं हवी असतात त्यांच्यासाठी: १९८८ च्या फ्रेंच ओपनची महिलांची अंतिम लढत स्टेफी ग्राफने नताशा झ्वेरेवाविरुद्ध ६-०, ६-० अशी जिंकली, ती जेमतेम अर्ध्या तासाच्या वर गेली. २०१० मध्ये विम्बल्डनला जॉन इस्नर आणि निकोला माहू यांचा सामना ११ तास ५ मिनिटं चालला. खेळ तोच, नेटही तेवढंच उंच.

एवढा फरक कसा काय पडतो?

कारण टेनिसला घड्याळ नाही. कबड्डीत वीस-वीस मिनिटांचे दोन डाव असतात. पाच गुणांनी पुढे असलेला संघ शेवटच्या दोन मिनिटांत काय करतो ते आपण लहानपणापासून मैदानावर बघत आलोय: चढाईपटू आत जातो, रेषेजवळ घुटमळतो, हात हलवतो आणि परत येतो. वेळ खाल्ला, सामना खिशात. टेनिसमध्ये ही सोय नाही. ६-०, ५-० आणि ४०-० असे पुढे असलात तरी तो शेवटचा पॉइंट तुम्हालाच जिंकावा लागतो, आणि तो जिंकेपर्यंत समोरचा जिवंत आहे. सामना किती वेळ चालेल हे वेळ ठरवत नाही, पॉइंट ठरवतात.

दोन्ही सेट ६-० असे सुटले आणि प्रत्येक गेम एकतर्फी झाला तर कमीत कमी ४८ पॉइंट लागतात. त्याहून खाली जाताच येत नाही. वरच्या बाजूला मात्र गेमला मर्यादा नाही, ड्यूस (४०-४० अशी बरोबरी, तिथून सलग दोन पॉइंट हवेत) होत राहिले की होत राहिले.

तुम्ही वेळापत्रक लावताना अंदाज कसा बांधता? नुसतं बोट हवेत धरून?

पूर्वी तसंच चालायचं. आता माझ्याकडे एक दोनशे पानी वही आहे. डाव्या बाजूला ‘अंदाज’, उजव्या बाजूला ‘प्रत्यक्ष’. ती वही भरता भरता एक साधा हिशोब हाती आला.

समजा निकाल ६-४, ६-४ लागला. म्हणजे २० गेम. एका गेमला सरासरी सहाच्या वर पॉइंट पडतात, म्हणून सगळे मिळून सव्वाशे धरा. एक पॉइंट, त्यानंतर चालत मागे जाणं, टॉवेल, चेंडू निवडणं, टप्पे टाकणं हे सगळं धरून पस्तीस सेकंद. झाली सुमारे ७३ मिनिटं. शिवाय बाजू बदलताना दीड-दीड मिनिटाची बैठक. सेटच्या पहिल्या गेमनंतर बसायला मिळत नाही, पण तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, नवव्या गेमनंतर मिळतं. दोन सेटची मिळून बारा मिनिटं. सेट संपल्यावर आणखी दोन. एकूण ८७ मिनिटं, म्हणजे दीड तास. आधी पाच मिनिटं वॉर्म-अपची.

हाच हिशोब मोठ्या सामन्यांना लावून बघा, गंमत वाटेल. २०२५ ची विम्बल्डनची महिलांची अंतिम लढत इगा श्वियांतेकने अमांडा अनिसिमोवाविरुद्ध ६-०, ६-० अशी जिंकली. ७९ पॉइंट, ५७ मिनिटं. बैठका धरून पॉइंटमागे ४३ सेकंद. इस्नर-माहू सामन्यात ९८० पॉइंट झाले, ११ तास ५ मिनिटांत. पॉइंटमागे जवळजवळ ४१ सेकंद. म्हणजे जगातला सगळ्यात लांबलेला सामना पॉइंटमागच्या वेगाने या ५७ मिनिटांच्या सामन्यापेक्षा थोडा चपळच होता! लोक समजतात ते दोघं रेंगाळत खेळले असतील. अजिबात नाही. त्यांचे पॉइंटच संपेनात.

यातला प्रत्यक्ष चेंडू उडत असतो तो वेळ किती?

ऐकून निराश व्हाल. हार्ड कोर्टवरच्या सामन्यात साधारण पाचवा हिस्सा, कधी त्याहून कमी. बाकीचा वेळ मधल्या हालचालींचा. म्हणून दोन तास खेळून आलेला मुलगा पंचवीस मिनिटंच खेळला, असं घरी कुणी म्हणालं तर मात्र भांडण होईल. त्या पंचवीस मिनिटांत तो सतत धावत, थांबत, वळत असतो. मधले सेकंद विश्रांतीचे कमी आणि धाप आवरायचे जास्त.

एक गेम वीस मिनिटं चालू शकतो का?

चालतो. मागच्या हिवाळ्यात चौदा वर्षांखालच्या दोन मुलांचा सामना कोर्ट क्रमांक दोनवर लावला होता. सकाळी सातची वेळ, थंडी एवढी की दोघांच्याही तोंडातून वाफ निघत होती. दोघंही ‘ढगफेके’. उंच, संथ, बेसलाइनच्या आत पडेल असा चेंडू टाकायचा आणि समोरचा चुकायची वाट बघायची. पहिल्याच गेममध्ये अकरा ड्यूस झाले. पाचव्या ड्यूसला एकाने स्वेटर काढला. आठव्याला दुसऱ्याच्या बुटाची नाडी सुटली. दहाव्याला चेंडू नेटच्या पट्टीवर बसला, क्षणभर विचार केल्यासारखा थांबला आणि परत त्याच्याच बाजूला पडला. बाहेर बाकावर एक आजी बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत होत्या, मला वाटलं जप चाललाय, त्या ड्यूस मोजत होत्या. गेम संपला तेव्हा माझ्या वहीत २१ मिनिटं लागली आणि त्या दिवसाचं पूर्ण वेळापत्रक तिथेच कोसळलं.

ढगफेक्यांचा जागतिक उच्चांकही आहे. १९८४ मध्ये अमेरिकेत रिचमंडला विकी नेल्सन आणि जीन हेपनर यांच्या सामन्यात एक रॅली ६४३ फटक्यांची झाली, २९ मिनिटं चालली. सामना फक्त दोन सेटचा, ६-४, ७-६, आणि लागले ६ तास ३१ मिनिटं. इस्नर-माहू पॉइंट मोजून लांबले, या दोघी रॅलीने. लांबण्याचे हे दोन मुख्य मार्ग.

मग टायब्रेक कशासाठी आहे?

सेट बरोबरीत अडकला की एकाच जादा गेममध्ये निकाल लावायचा, तो टायब्रेक. हे रामायण आवरण्यासाठीच. पूर्वी प्रत्येक सेटमध्ये दोन गेमची आघाडी लागायची, तोपर्यंत चालू. १९६९ च्या विम्बल्डनला पांचो गोन्झालेस आणि चार्ली पासारेल यांच्यात पहिलाच सेट २२-२४ असा गेला. अंधार पडला, उरलेलं दुसऱ्या दिवशी. ११२ गेमनंतर ४१ वर्षांचा गोन्झालेस पहिले दोन सेट हरून जिंकला. जेम्स व्हॅन ॲलन नावाचा अमेरिकन गृहस्थ बरीच वर्षं टायब्रेकचा आग्रह धरून होता, तो १९७० मध्ये यूएस ओपनने ऐकला. विम्बल्डनने १९७१ मध्ये टायब्रेक आणला, पण ८-८ झाल्यावर. ६-६ वर यायला १९७९ उजाडलं. विम्बल्डनचं सगळं असंच, आपल्याकडच्या जुन्या वाड्यातल्या मोठ्या काकांसारखं: पटतं, पण उशिरा.

आता ६-६ झाले की सात पॉइंटचा टायब्रेक, दोनची आघाडी हवी. निर्णायक सेटमध्ये चारही ग्रँड स्लॅममध्ये २०२२ पासून दहा पॉइंटचा टायब्रेक आहे. त्याआधी चौघांचे चार नियम होते, कुणालाच पाठ नसायचे.

तो ११ तासांचा सामना पुन्हा होऊ शकतो का?

तेवढा लांब होणं आता जवळपास अशक्य. तो २२ जून २०१० ला संध्याकाळी सुरू झाला, अंधारामुळे दोनदा थांबला आणि २४ ला संपला. पाचवा सेट ७०-६८. नुसता तो सेट ८ तास ११ मिनिटांचा. ४७-४७ वर इलेक्ट्रॉनिक स्कोअरबोर्ड बंद पडला, कारण त्याहून पुढचे आकडे दाखवायची गरज पडेल असं तो बनवणाऱ्यांच्या स्वप्नातही नव्हतं. इस्नरच्या ११३ बिनतोड सर्व्हिस, माहूच्या १०३. आणि मला कायम चुटपुट लावणारी गोष्ट म्हणजे हरलेल्या माहूने जास्त पॉइंट जिंकले होते, ५०२ विरुद्ध ४७८.

त्यानंतरही विम्बल्डन आठ वर्षं थांबलं. २०१८ च्या उपांत्य सामन्यात पुन्हा इस्नरच, समोर केविन अँडरसन, शेवटचा सेट २६-२४, ६ तास ३६ मिनिटं. तेव्हा कुठे २०१९ पासून १२-१२ वर टायब्रेक आला, आणि पहिल्याच वर्षी अंतिम सामन्यात जोकोविच-फेडररना तो खेळावा लागला.

उंच खेळाडूंचेच सामने लांबतात असं का?

इस्नर सहा फूट दहा इंच. इतक्या उंचीवरून सर्व्हिस मारली की ती परतवणं अवघड, आणि स्वतःची सर्व्हिस सहसा जात नाही. दोघंही असे असले की ब्रेक (समोरच्याच्या सर्व्हिसवरचा गेम जिंकणं) मिळत नाही, ब्रेक नाही म्हणजे सेट ६-६ वर, म्हणजे टायब्रेक. एकेक पॉइंट चार सेकंदांचा, पण गेम संपता संपत नाहीत.

याचं आपल्या अगदी घरचं उदाहरण पुण्याचं. २०१८ ते २०२३ एटीपी (पुरुषांच्या व्यावसायिक दौऱ्यातली) स्पर्धा बालेवाडीत व्हायची. २०१९ च्या अंतिम सामन्यात केविन अँडरसन आणि इव्हो कार्लोविच, दोघं मिळून साडेतेरा फुटांपेक्षा जास्त. निकाल ७-६, ६-७, ७-६. तिन्ही सेट टायब्रेक! आमच्यातले चौघं नाशिकहून पहाटे निघून गेले होते. ‘संध्याकाळी लवकर निघून संगमनेरला चहा घेऊ’ असं ठरलं होतं. चहा झाला, पण बराच उशिरा.

कोर्ट कसलं आहे यावर वेळ अवलंबून असतो का?

खूप. मातीच्या कोर्टवर चेंडू टप्पा पडताच वेग गमावतो आणि उंच उसळतो, त्यामुळे पोचायला वेळ मिळतो, रॅली लांबते. हिरवळीवर चेंडू खाली राहून सरपटत निघतो, पॉइंट लवकर संपतो. २०२५ च्या फ्रेंच ओपनचा पुरुषांचा अंतिम सामना घ्या, मातीवरचा. कार्लोस अल्काराझने यानिक सिनरला ५ तास २९ मिनिटांत हरवलं, त्या स्पर्धेच्या इतिहासातला सगळ्यात लांब अंतिम सामना. पॉइंट झाले ३८५. म्हणजे पॉइंटमागे ५१ सेकंद! इस्नर-माहूच्या ४१ शेजारी ठेवून बघा, माती म्हणजे काय ते कळेल. (इथेही हरलेल्या सिनरचा एक पॉइंट जास्त, १९३ विरुद्ध १९२.)

नाशिकची एक गोष्ट मुंबईहून येणाऱ्या मुलांच्या लगेच लक्षात येते: चेंडू ‘उडतो’. आपण समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास आहोत. हवा थोडी विरळ, चेंडूला अडथळा कमी. स्पेनमधलं माद्रिद साधारण साडेसहाशे मीटरवर आहे, आणि तिथली माती पॅरिसपेक्षा वेगवान खेळते हे टीव्हीवर दरवर्षी ऐकू येतं, तोच हा प्रकार. मुंबईचा मुलगा पहिल्या तीन गेममध्ये चेंडू बाहेर मारत राहतो आणि गेम पटापट जातात. चौथ्यापासून हात बसला की खरा सामना सुरू.

बायकांचे सामने तीनच सेटचे का? दमतात म्हणून?

हा प्रश्न दर विम्बल्डनला कुणीतरी काका विचारतातच, आणि शेजारी बसलेल्या काकू त्यांच्याकडे ज्या नजरेने बघतात त्यातच उत्तर आलं. दमण्याचा संबंध नाही. महिलांच्या मोसमअखेरच्या स्पर्धेचा अंतिम सामना १९८४ ते १९९८ पाच सेटचाच होता. १९९० मध्ये मोनिका सेलेस आणि गॅब्रिएला साबातिनी पुरे पाच सेट खेळल्या. आजची तीन सेटची पद्धत परंपरेने चालत आली आणि वेळापत्रकाच्या सोयीने टिकली. पुरुषही ग्रँड स्लॅम सोडले तर एरवी तीनच सेट खेळतात, हे काका सोयीस्कर विसरतात.

डबल्स लवकर का संपतं?

नेहमीच्या एटीपी स्पर्धांत डबल्सला दोन कात्र्या लावल्या आहेत. ड्यूस झाला की पुढचा एकच पॉइंट निर्णायक, आणि एकेक सेट झाला तर तिसऱ्या सेटऐवजी दहा पॉइंटचा टायब्रेक. त्यामुळे सामना तासाभरात, फार तर दीड तासात उरकतो. ग्रँड स्लॅममध्ये पुरुषांच्या डबल्सला अशा कात्र्या नाहीत. २०२४ च्या ऑस्ट्रेलियन ओपनला रोहन बोपण्णा आणि मॅथ्यू एबडेन ७-६, ७-५ असे जिंकले, पावणेदोन तासही लागले नाहीत. बोपण्णा तेव्हा ४३ वर्षांचा. आमच्या क्लबमधल्या पंचेचाळिशीच्या मंडळींनी दुसऱ्याच दिवशी डबल्सचा ड्रॉ मागितला.

आमच्या मुलांच्या सामन्यांना हेच नियम लागू होतात का?

नाही. दोन दिवस, चार कोर्ट आणि साठ-सत्तर मुलं. पूर्ण तीन सेट खेळवले तर बुधवार उजाडेल. म्हणून सुरुवातीच्या फेऱ्यांना ‘बेस्ट ऑफ फिफ्टीन’, म्हणजे एकच मोठा सेट, आधी आठ गेम जिंकेल तो. चाळीस मिनिटं ते तास. अगदी लहानांना चार गेमचे छोटे सेट. दहा वर्षांखालच्यांना नारिंगी किंवा हिरव्या ठिपक्याचा चेंडू देतो. नारिंगी नेहमीच्या चेंडूपेक्षा निम्म्या वेगाचा, हिरवा पाव हिश्शाने संथ. वेग कमी म्हणून रॅली होतात, मुलं खूष होतात आणि माझं वेळापत्रक रडतं. उपांत्य फेरीपासून पुढे दोन सेट आणि गरज पडली तर दहा पॉइंटचा टायब्रेक.

आणि एक. टीव्हीवरचे सामने बघून स्थानिक सामन्याचा अंदाज बांधू नका. तिथे सहा बॉल-बॉय असतात. इथे चेंडू कुंपणापर्यंत मुलालाच आणायला जावं लागतं. तो शेजारच्या कोर्टवर गेला की तिथला पॉइंट संपेपर्यंत हात वर करून उभं राहायचं, मग ‘थँक यू’. स्कोअर मुलांनीच ओरडायचा, रेषेचा निर्णय त्यांनीच द्यायचा. ‘३०-१५ होता’, ‘नाही, १५-३०’ यात दोन मिनिटं सहज जातात. पंच नसलेल्या सामन्याला मी माझ्या हिशोबात सरळ पंधरा टक्के वाढवून धरतो.

‘दहाच्या आधी नाही’ आणि ‘यानंतर लगेच’ म्हणजे काय?

हे नीट वाचा, कारण यावरूनच सगळ्यात जास्त रुसवे होतात. फक्त कोर्टवरचा पहिला सामना ठरलेल्या वेळी सुरू होतो. त्यानंतरचे ‘आधीचा संपला की लगेच’. ‘दहाच्या आधी नाही’ लिहिलं असेल तर कोर्ट साडेनवाला रिकामं झालं तरी दहापर्यंत थांबू. पण अकराला सुरू झालं तर तक्रार करायची नाही.

यात माझी स्वतःची एक चूक झालेली आहे. एका बाबांनी विचारलं, ‘आमच्या आधी दोन सामने आहेत, मिसळ खाऊन येऊ का?’ मी वहीत न बघता म्हटलं, ‘खुशाल या, दोन तास आहेत.’ आधीचा एक सामना वॉकओव्हर झाला (एक खेळाडू आलाच नाही, दुसरा न खेळता विजयी), दुसरा ८-० असा वीस मिनिटांत संपला. मी तीनदा नाव पुकारलं, पंधरा मिनिटांची सवलत दिली, आणि नियमाप्रमाणे त्यांच्या मुलीविरुद्ध वॉकओव्हर दिला. ती तर्रीचे डाग पडलेल्या टीशर्टवर रॅकेट घेऊन पळत आली तेव्हा समोरची मुलगी हात मिळवून घरी गेली होती. बाबा मला काही बोलले नाहीत. ती मुलगी मात्र बोलली, ‘सर, तुम्हीच म्हणालात ना?’ तेव्हापासून कुणी विचारलं तर मी वेळ सांगत नाही, ‘फोन चालू ठेवा आणि पार्सल आणा’ एवढंच सांगतो.

मुद्दाम वेळ काढला तर?

दोन पॉइंटच्या मध्ये २५ सेकंद मिळतात. मोठ्या स्पर्धांत कोर्टवर दिसेल असं घड्याळ असतं. ग्रँड स्लॅमच्या मुख्य फेऱ्यांत ते पहिल्यांदा २०१८ च्या यूएस ओपनला लागलं. पहिल्यांदा उशीर झाला तर ताकीद, नंतर सर्व्ह करणाऱ्याची एक सर्व्हिस जाते. दुखापतीवर उपचाराला तीन मिनिटं. टॉयलेट ब्रेकचं रामायण वेगळंच. २०२१ च्या यूएस ओपनमध्ये स्टेफानोस त्सित्सिपासच्या लांबलेल्या ब्रेकवर अँडी मरे उघडपणे चिडला होता, आणि पुढच्या मोसमापासून पुरुषांच्या दौऱ्यावर त्यालाही मिनिटांची मर्यादा आली. आमच्याकडे घड्याळ नाही. मी कुंपणाला टेकून मोठ्याने खाकरतो, तेवढ्याने भागतं.

पावसात काय होतं? तो वेळ मोजतात का?

नाही. सामन्याचा वेळ म्हणजे फक्त खेळाचा वेळ. २००८ चा विम्बल्डनचा फेडरर-नदाल अंतिम सामना ४ तास ४८ मिनिटांचा नोंदला आहे, पण तो दुपारी अडीचनंतर सुरू होऊन रात्री सव्वानऊला संपला, मधला वेळ पावसाचा. शेवटी इतका अंधार होता की अजून थोडं लांबलं असतं तर उरलेला खेळ सोमवारी गेला असता. पुढच्या वर्षी सेंटर कोर्टला छत आलं. तरी रात्री अकराला तिथे खेळ थांबतो, शेजारच्या वस्तीची झोप म्हणून.

आमच्याकडे जून ते सप्टेंबर स्पर्धा ठेवतच नाही. ऑक्टोबरात अवेळी सर आलीच तर वायपर, जुने टॉवेल आणि दोन उत्साही बाबा, असं आमचं छत.

टीव्हीवर फायनल बघायची तर जेवण कधी उरकायचं?

मेलबर्नची पुरुषांची फायनल आपल्याकडे दुपारी दोनच्या सुमारास, म्हणजे प्रश्नच नाही. पण २०१२ ला जोकोविच-नदाल ५ तास ५३ मिनिटं खेळले, ग्रँड स्लॅमची सगळ्यात लांब फायनल. दुपारच्या जेवणानंतर बसलेले लोक रात्रीच्या जेवणाला उठले. बक्षीस समारंभात दोघांना उभं राहवेना म्हणून खुर्च्या आणून दिल्या.

पॅरिसची फायनल संध्याकाळी साडेसहाला. २०२५ ला ती संपेपर्यंत आपल्याकडे मध्यरात्र उलटली. विम्बल्डनची २०२५ पासून लंडनच्या चार वाजता, म्हणजे आपल्या रात्री साडेआठला. पोळ्या आधीच करून ठेवा. न्यूयॉर्कची रात्री साडेअकराच्या सुमारास, त्यासाठी सोमवारची रजाच टाका. आणि तिकडचे लोकही झोपतात असं समजू नका. २०२३ मध्ये मेलबर्नला अँडी मरे आणि थानासी कोकिनाकिस यांचा सामना पहाटे ४ वाजून ५ मिनिटांनी संपला. तेव्हा नाशिकमध्ये रात्रीचे १० वाजून ३५ मिनिटं झाली होती, आणि मी दूध विरजण लावून निवांत बघत होतो.

अर्धवट राहिलेला सामना दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून खेळवतात का?

नाही, जिथे थांबला तिथूनच. इस्नर-माहू ५९-५९ वर थांबले आणि तिसऱ्या दिवशी ५९-५९ वरूनच सुरू झाले. गेम, पॉइंट, कोण सर्व्ह करत होता, कोण कोणत्या बाजूला होता, सगळं तसंच राहतं. आमच्याकडे अंधार पडला की मी हे चारही रकाने वहीत लिहितो आणि खाली दोन्ही मुलांच्या सह्या घेतो. पालकांच्या नाही. एकदा पालकांच्या घेतल्या होत्या, तर रविवारी सकाळी दोन्ही बाबांचा स्कोअर वेगळा निघाला आणि मुलांचा एकच.